सकाळी दहाच्या आत

अमेरिकेच्या वनखात्यात १९३५ पासून १९७८ पर्यंत एक नियम होता. जंगलात कुठेही आग दिसली, ती विजेने लागलेली असो की माणसाने लावलेली, वस्तीजवळ असो की आठ दिवस चालून पोहोचावे अशा आडरानात, ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. नाही आली तर तिसऱ्या दिवशी दहाच्या आत. तीही वेळ टळली तर चौथ्या दिवशी. दहाचीच वेळ का, याचे उत्तर सोपे आहे. रात्री वारा पडतो, हवेत ओल येते, आग दबते. ऊन चढू लागले की ती पुन्हा डोके वर काढते. तेव्हा ऊन चढण्याआधी काम उरकायचे. खात्याच्या कागदपत्रांत आणि बोलण्यातही हा नियम ‘टेन ए. एम. पॉलिसी’ म्हणूनच ओळखला जाई.

नियम करणारे फर्डिनंड सिल्कॉक्स हे खात्याचे पाचवे प्रमुख. १९१० साली ते मोंटाना राज्यातल्या मिसूला गावच्या विभागीय कचेरीत दुय्यम अधिकारी होते. त्यांचे तेव्हाचे साहेब विल्यम ग्रीली पुढे खात्याचे तिसरे प्रमुख झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या दोन दिवसांत या दोघांच्या अखत्यारीतले जंगल जळाले आणि त्यांनी पाठवलेली माणसे त्यात मेली. दहाचा नियम कुठून आला हे समजून घ्यायचे तर त्या दोन दिवसांपर्यंत मागे जावे लागते.

आयडाहो राज्याचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला मोंटानाचा पश्चिम भाग म्हणजे बिटररूट पर्वतरांगेचा मुलूख. उभे चढ, खोल घळी, आणि पांढरा पाइन, सीडर, फर यांची दाट जंगले. चांदीच्या खाणी, लाकूडतोड कंपन्या आणि नुकताच १९०९ साली पुरा झालेला मिलवॉकी रेल्वेचा मार्ग यांमुळे या रानात माणूस शिरला होता, पण तुरळक. १९१० चा वसंत कोरडा गेला. जुलै संपता संपता पाऊस न पडता नुसत्याच विजा कोसळल्या आणि शेकडो ठिकाणी झाडे पेटली. त्यात वाफेच्या इंजिनांच्या ठिणग्या, जमीन साफ करायला शेतकऱ्यांनी लावलेली आग आणि लाकूडतोडीनंतर पडून राहिलेल्या फांद्यांचे ढीग यांची भर पडली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्या टापूत हजाराहून जास्त लहानमोठे वणवे धुमसत होते.

वनखाते तेव्हा अवघे पाच वर्षांचे. एकेका रेंजरकडे एवढे मोठे रान की घोड्यावरून एक फेरी पुरी करायलाही बरेच दिवस लागावेत. वणवा विझवण्यासाठी वेगळी माणसे नव्हतीच. मग स्पोकेन, ब्यूट, मिसूला या शहरांतल्या दारूच्या गुत्त्यांतून, रेल्वेच्या यार्डांतून आणि तुरुंगांतूनही माणसे गोळा केली गेली. तासाला २५ सेंट मजुरी. त्यांत इटलीहून, बाल्कन देशांतून आलेले, इंग्रजी जेमतेम समजणारे पुष्कळ होते. जन्मात कधी जंगल न पाहिलेल्या या माणसांना फावडी-कुऱ्हाडी देऊन डोंगरावर चढवले. तेही पुरेना तेव्हा राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी लष्कर पाठवले. त्यात २५ व्या पायदळ रेजिमेंटचे कृष्णवर्णीय सैनिक होते. सगळे मिळून दहा हजारांच्या घरात माणसे कामाला लागली, आणि १९ ऑगस्टच्या सुमारास बहुतेक वणवे आवाक्यात आल्यासारखे वाटू लागले. काही ठिकाणी मजुरांना परत पाठवण्याच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या.

शनिवारी, २० ऑगस्टला दुपारनंतर वारा सुटला. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातल्या पलूज या गव्हाच्या पठारावरून येणाऱ्या कोरड्या नैऋत्य वाऱ्याला तिकडचे लोक पलूजर म्हणतात. त्या दिवशी थंड हवेचा पट्टा पुढे सरकत आला आणि हा वारा वादळाच्या वेगाने डोंगरात घुसला. धुमसणाऱ्या आगी एकमेकींत मिसळल्या. एवढी मोठी आग स्वतःचा वारा स्वतः निर्माण करते: तापलेली हवा वर झेपावते, तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी हवा आत खेचली जाते आणि जळत्या फांद्या उचलून मैल-दोन मैल पुढे फेकल्या जातात. तिथे नवी आग पेटते, मग मागची आणि पुढची आग मधल्या रानासकट एक होतात. आगीच्या वाऱ्याने जुनी झाडे मुळासकट उपटून पडली. वाचलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पुढे तिच्या आवाजाविषयी सांगितले आहे, आणि बहुतेकांना आठवल्या त्या पुलावरून धडधडत जाणाऱ्या आगगाड्या, एकाच वेळी शंभर.

दोन दिवसांत ३० लाख एकर जंगल जळाले. अख्खा सातारा जिल्हा त्यात मावेल आणि वर बरीच जागा उरेल. किमान ८५ माणसे मेली, त्यांतली ७८ आग विझवायला गेलेली. सेट्झर ओढ्याजवळ एकाच टोळीतले २८ जण गेले. वॉलेस या खाणगावाचा पूर्वेकडचा तिसरा हिस्सा त्या रात्री राख झाला. बायकामुलांना आगगाड्यांत भरून बाहेर काढले. टाफ्ट नावाची गुत्त्यांची एक वस्ती होती. तिथल्या लोकांनी गाव वाचवण्यापेक्षा गावातली दारू संपवण्याला प्राधान्य दिले असे सांगतात, आणि त्या वस्तीची एकंदर कीर्ती पाहता ते खरेही असेल. एव्हरी हे रेल्वेचे गाव मात्र वाचले. २५ व्या रेजिमेंटच्या सैनिकांनी तिथल्या लोकांना गाडीने हलवायला मदत केली आणि शेवटी येणाऱ्या वणव्याच्या समोरून दुसरी आग लावून त्याच्या वाटेतले जळण आधीच संपवण्यात आले. आपल्याकडे सह्याद्रीत किंवा मेळघाटात वणव्याशी झुंजलेल्या कुणालाही ही युक्ती नवी नाही. धुराने न्यू इंग्लंडचे आकाश काळवंडले. काजळी ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत पोहोचली.

एड पुलास्की याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो वॉलेसचा रेंजर. खाणकाम, लोहारकी असे सगळे करून चाळिशीनंतर खात्यात आलेला, त्यामुळे आसपासच्या डोंगरातले एकेक खाणीचे बीळ त्याच्या पायाखालचे. वारा सुटला तेव्हा त्याने भेदरलेली ४५ माणसे आणि दोन घोडे गोळा केले आणि धुरातून वाट काढत त्यांना एका सोडून दिलेल्या खाणीच्या बोगद्यात नेले. त्यांना तोंडे जमिनीला टेकून पालथे पडायला लावले. बोगद्याच्या तोंडाशी ओली घोंगडी टांगली. ती पेट घेत, तो टोपीत भरून खाणीतले पाणी त्यांवर मारी. आत धूर कोंडला तशी माणसे बाहेर धावू लागली. पुलास्कीने पिस्तूल काढले आणि जो बाहेर पडेल त्याला गोळी घालीन असे बजावले. मग एकेक करून सगळेच बेशुद्ध पडले, तोही. पहाटे शुद्धीवर आलेल्यांपैकी कुणीतरी रेंजर मेला असे म्हटले, तेव्हा पुलास्कीने स्वतःच ते खोडून काढले. पाच माणसे आणि दोन्ही घोडे आत दगावले होते. उरलेले फाटक्या बुटांनिशी, तापलेल्या राखेतून वॉलेसला उतरले. पुलास्कीचे डोळे आणि फुप्फुसे कायमची अधू झाली. सरकारने त्याला भरपाई दिली नाही. मेलेल्या सहकाऱ्यांच्या थडग्यांची देखभाल तो पुढे वर्षानुवर्षे करत राहिला आणि त्यांच्या स्मारकासाठी खात्याकडे अर्ज करत राहिला.

त्याचे नाव आज एका हत्याराला आहे. एका बाजूला कुऱ्हाडीचे पाते, दुसऱ्या बाजूला आडवे, कुदळीसारखे पाते, मध्ये एकच दांडा. तोडायला आणि खणायला दोन हत्यारे न्यायला नकोत. तशी कल्पना आधीही काहींना सुचली होती, पण पुलास्कीने आगीनंतरच्या वर्षांत आपल्या भट्टीत ती घडवून, वापरून, सुधारून पक्की केली. अमेरिकेत वणवा विझवणाऱ्याच्या हातात आजही तेच हत्यार असते आणि त्याला ‘पुलास्की’ एवढेच म्हणतात.

बळींच्या संख्येने पाहिले तर ही अमेरिकेतली सर्वांत भयंकर आग नव्हे. ८ ऑक्टोबर १८७१ ला, शिकागो शहर पेटले त्याच रात्री, विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगो गावाच्या परिसरात वणव्याने बाराशेहून अधिक माणसे घेतली. पण पेश्टिगोनंतर देशाच्या वनधोरणात काही हलले नाही, कारण धोरण राबवणारे खातेच अस्तित्वात नव्हते. १९१० साली ते होते, तरुण होते, आणि त्याला शत्रू होते. खात्याचे संस्थापक गिफर्ड पिंचट यांना टाफ्ट यांनी त्याच वर्षी जानेवारीत काढून टाकले होते. पश्चिमेकडचे लोकप्रतिनिधी, विशेषतः आयडाहोचे सिनेटर वेल्डन हेबर्न, राष्ट्रीय वनांची कल्पनाच मोडीत काढायला टपले होते. आगीने हे चित्र पालटले. ज्या खात्याची माणसे आगीत मेली त्याचे पैसे कापा असे म्हणणे अवघड झाले. १ मार्च १९११ ला वीक्स कायदा मंजूर झाला. पूर्वेकडच्या डोंगरांतली खासगी वनजमीन विकत घेण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला आणि वणवा रोखण्यासाठी राज्यांना पैसे देण्याची सोय केली. अमेरिकेच्या पूर्व भागातली बहुतेक राष्ट्रीय वने या कायद्यातून उभी राहिली आहेत. ही आगीची चांगली बाजू.

दुसरी बाजू गुंतागुंतीची आहे. १९१० च्या ऑगस्टमध्येच ‘सनसेट’ मासिकात कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज हॉक्सी यांचा लेख आला होता. दर काही वर्षांनी जंगलाच्या तळाशी मुद्दाम हलकी आग लावा, पाचोळा आणि झुडपे जाळून टाका, म्हणजे मोठी आग लागायला जळणच उरणार नाही, असे त्यात म्हटले होते. मूळ रहिवासी जमाती हे शतकानुशतके करत आल्या होत्या. खात्यातल्या शिकल्यासवरल्या वनाधिकाऱ्यांनी त्याला ‘पायूट फॉरेस्ट्री’ म्हणून हिणवले. पायूट हे त्यांतल्या एका जमातीचे नाव. वास्तविक खुद्द पिंचट यांनी १८९९ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये लिहिताना जंगलाच्या घडणीत आगीचाही वाटा असतो हे मान्य केले होते. पण ऑगस्टनंतर हा वाद तटस्थपणे होणे शक्यच नव्हते. आग चांगली असू शकते असे म्हणायचे, तर मग त्या ७८ माणसांनी जीव कशासाठी दिला? हा प्रश्न कुणी उघड विचारला नसेल, पण पुढची कित्येक वर्षे तो प्रत्येक बैठकीत हजर होता असे मला वाटते.

इथे भारताचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. पिंचट तरुणपणी युरोपात वनशास्त्र शिकायला गेले तेव्हा त्यांना वाट दाखवली ती डीट्रिख ब्रँडिस यांनी. हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८६४ साली ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले होते. त्यांच्याच काळात, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात, कर्नल पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात जाळरेषा काढून वणवाबंदीचा पहिला मोठा प्रयोग केला. प्रयोग यशस्वी ठरला आणि देशभर पसरला. मग वर्षे गेली आणि ब्रह्मदेशातल्या ओलसर सागवनांत काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना वेगळेच दिसू लागले. आग बंद केली की बांबू आणि सदाहरित झुडपे माजतात, जमिनीवर सावली धरते, आणि उन्हाचा भुकेला साग त्यात रुजत नाही. सागाचे रोप वणव्यात होरपळले तरी बुडातून पुन्हा फुटते. त्याचे स्पर्धक फुटत नाहीत. एच. स्लेड यांनी १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात ब्रह्मदेशात वणवाबंदी अती झाली आहे असे स्पष्ट लिहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बऱ्याच सागवनांत ती आवरती घेतली गेली. म्हणजे अमेरिका ज्या वाटेवर निघाली होती, तिच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन आलेले लोक जगात होते, आणि त्यांचे नि अमेरिकी खात्याचे गुरुघराणे एकच होते.

अमेरिकेत मात्र एका आगीतून गेलेली माणसे खाते चालवत होती. ग्रीली १९२० ते १९२८ प्रमुख होते आणि वणवा रोखणे हेच वनाधिकाऱ्याचे पहिले काम, असे ते मानत. १९३३ साली सिल्कॉक्स आले. त्याच वर्षी मंदीतल्या बेकार तरुणांसाठी रोजगाराची मोठी सरकारी योजना निघाली, तेव्हा मनुष्यबळाची ददात संपली. शिखराशिखरावर टेहळणीचे मनोरे उभे राहिले, रानातून रस्ते आणि टेलिफोनच्या तारा गेल्या. १२ जुलै १९४० ला आयडाहोमध्ये वणव्यावर पहिल्यांदा माणसे पॅराशूटने उतरली. १९४४ मध्ये वणवे टाळा असे सांगणारे स्मोकी नावाचे टोपीवाले अस्वल भित्तिपत्रकांवर झळकले. १९५० साली न्यू मेक्सिकोच्या वणव्यात भाजलेले एक खरेखुरे पिल्लू त्याचे नाव घेऊन वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात आले आणि मुलांची इतकी पत्रे येऊ लागली की टपाल खात्याने त्याला स्वतःचा पिनकोड दिला.

या सगळ्यात एक माणूस वेगळा बोलला, आणि तोही १९१० च्या आगीतलाच. एलर्स कॉख हे त्या वर्षी लोलो राष्ट्रीय वनाचे प्रमुख होते. हॉगन गावाजवळ त्यांनी उभारलेली सॅव्हनॅक रोपवाटिका आगीत गेली आणि पुन्हा उभी राहिली. १९३५ साली, दहाचा नियम निघाला त्याच वर्षी, त्यांनी ‘जर्नल ऑफ फॉरेस्ट्री’मध्ये लोलोच्या जुन्या पायवाटेवर लेख लिहिला. ज्या दुर्गम रानात लाकडाला बाजार नाही, शेती नाही, वस्ती नाही, तिथे पंचवीस वर्षे आगीशी झगडून काय मिळवले, असा त्यांचा सवाल होता. रस्ते घालून आपण रानाचे रानपण घालवले आणि मोठे वणवे लागायचे ते लागतातच, असे ते म्हणत होते. ऐकले कुणी नाही.

आग दाबल्याने जंगलात नेमके काय होते? पश्चिमेकडच्या कोरड्या उतारांवर पाँडरोसा पाइनची जंगले आहेत. जुन्या पाँडरोसाची साल जाड असते, खालच्या फांद्या गळालेल्या असतात. दर पाच-पंचवीस वर्षांनी जमिनीलगत धावणारी आग सुया आणि रोपटी जाळते, मोठ्या खोडाला नुसता डाग पडतो. बुंध्याच्या आडव्या कापात वलयांमधले हे डाग मोजता येतात. आग बंद केली की फरची रोपटी दाटीवाटीने वाढतात, पाचोळा साचतो, आणि पुढच्या वणव्याला जमिनीवरून शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळते. लॉजपोल पाइनची तर काही शंकूफळे राळेने बंद असतात. आगीची धग लागल्यावरच ती उघडतात आणि बी सांडते. हॅरल्ड वीव्हर यांनी पाँडरोसाबद्दल हे १९४३ साली लिहिले, तेही खात्याबाहेर, रेड इंडियन जमातींच्या जमिनींचे काम पाहताना.

मात्र इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९१० साली जळालेले बरेचसे रान पाँडरोसाचे नव्हतेच. आयडाहोतली ती ओलसर, दाट जंगले मुळातच क्वचित पेटतात आणि पेटली की भडकतात; शंभर-दोनशे वर्षांतून एकदा. तिथे हलकी आग लावून हॉक्सी काही फार वाचवू शकले नसते आणि मनोरे-रस्ते असते तरी पलूजर थांबला नसता. एका विशिष्ट जंगलातल्या एका विशिष्ट वादळाचा धडा त्याहून अगदी वेगळ्या जंगलांना लावला गेला, आणि बिघाड तिथे झाला.

१९६३ मध्ये राष्ट्रीय उद्यानांसाठी स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने आगीला पुन्हा जागा द्या असे सांगितले. वनखात्याने १९७२ साली सेलवे-बिटररूट या अभयरानात, म्हणजे कॉख ज्याविषयी लिहीत होते त्याच मुलखात, विजेने लागलेली एक चिमुकली आग मुद्दाम जळू दिली. १९७८ मध्ये दहाचा नियम रद्द झाला. दहा वर्षांनी यलोस्टोन उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या कवेत आला, दूरचित्रवाणीवर देशाने ते रोज पाहिले आणि सरकार जंगल जाळतेय म्हणून ओरड झाली. सप्टेंबरात बर्फ पडला तेव्हा आग थंडावली. पुढच्याच उन्हाळ्यात तिथे लॉजपोलची रोपे उगवली होती.

पण नियम कागदावरून गेला तरी खर्च वाढतच राहिला. १९९५ साली खात्याच्या अंदाजपत्रकातला सुमारे १६ टक्के पैसा वणव्यांवर जात असे. २०१५ पर्यंत तो निम्म्याच्या वर गेला. दशकानुदशके साचलेले जळण, रानालगत सरकलेली घरे आणि वाढते तापमान अशी त्याची तीन कारणे आहेत. त्यामुळे पाचोळा मुद्दाम जाळण्याचा कार्यक्रम आता खातेच हाती घेते, म्हणजे एकेकाळी ज्याला हिणवले तेच. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत अशी एक नियोजित आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. हिवाळ्यात जाळलेल्या फांद्यांच्या ढिगात महिनोन्‌महिने दबून राहिलेली दुसरी आग तिला येऊन मिळाली. ३ लाख ४० हजारांहून जास्त एकर जळाले, शेकडो घरे गेली. त्या राज्याच्या नोंदीतली ही सर्वांत मोठी आग. मे महिन्यात खात्याचे प्रमुख रँडी मूर यांनी देशभरातल्या सर्व राष्ट्रीय वनांत नियोजित आगी ९० दिवस बंद ठेवण्याचा हुकूम काढला, ओल्या जंगलांत आणि कोरड्या जंगलांत, सरसकट. मुदत संपल्यावर नव्या अटी घालून त्या पुन्हा सुरू झाल्या.